झील धरणारी माणसे

पोवाडा ऐकताना श्रोत्यांचे लक्ष साहजिकच डफ वाजवणाऱ्या शाहिराकडे असते, परंतु त्याच्या मागे उभे असलेले दोघे-तिघे झीलकरी काय करत असतात याकडे मुद्दाम पाहावे. शाहीर कडव्याची शेवटची ओळ वरच्या पट्टीत नेऊन सोडतो आणि झीलकरी तीच ओळ, किंवा नुसते 'जी जी रं जी', एका सुरात उचलून धरतात. तेवढ्या काही क्षणांत शाहिराला श्वास घेता येतो, पुढच्या कडव्याचा पहिला शब्द आठवता येतो आणि समोरचा जमाव आपल्याबरोबर आहे की सुटत चालला आहे हे चेहऱ्यांवरून पाहता येते. झील मिळाली नाही तर चांगला शाहीरसुद्धा तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत दमतो, आणि त्याचा दम सुटला की प्रसंग कितीही वीररसाचा असला तरी जमाव पायाखालची चटई गोळा करू लागतो.

मी शाहीर नाही. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत भरणाऱ्या कविसंमेलनांत, शाळा-महाविद्यालयांत आणि कधी गणेशोत्सवाच्या मांडवात माझ्या कविता सादर करणारी मी एक कवयित्री आहे. माझ्या हाती डफ नसतो आणि मागे तुणतुणेही नसते. तरीही इतक्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे, की मंचावर कविता म्हणणाऱ्या प्रत्येकाला झीलकरी लागतात. त्यांचे रूप बदलते, ते श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत बसतात, निवेदकाच्या खुर्चीत बसतात, किंवा कार्यक्रम संपल्यावर स्टँडपर्यंत सोडायला येतात, एवढाच काय तो फरक. छापील कविता लिहिणाऱ्याला संपादक आणि वाचक पुरतात. सादर होणारी कविता मात्र उभी राहायलाच चार माणसे लागतात, आणि ही चार माणसे बहुतेक वेळा स्वतः कवी असतात. त्यामुळे मंचीय कवींनी एकमेकांना आधार द्यावा की नाही, हा मला चांगुलपणाचा प्रश्न वाटत नाही. तो या कलेच्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि जिथे तो कामासारखा केला गेला तिथेच टिकला.

याचे मला माहीत असलेले सर्वांत भक्कम मराठी उदाहरण लाल बावटा कलापथकाचे आहे. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांनी ते उभे केले. तिघांच्या प्रकृती वेगळ्या होत्या. अण्णा भाऊंकडे गोष्ट सांगण्याची अफाट ताकद होती. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात, परंतु स्टॅलिनग्राडच्या लढाईवर आणि बंगालच्या दुष्काळावर त्यांनी पोवाडे रचले, आणि तमाशाचा जुना साचा वापरून कामगारांची लोकनाट्ये लिहिली. अमर शेख यांचा आवाज मैदानभर पोहोचत असे. बार्शीचा, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल असलेला हा माणूस गाडीवर क्लीनर आणि गिरणीत कामगार म्हणून राबलेला होता. गवाणकर स्वतः रचनाकार होते आणि पथकाचा तिसरा खांबही होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड, म्हणजे लावणीच्या घाटातले गाणे, महाराष्ट्रभर पोहोचली त्यात अमर शेख यांच्या आवाजाचा वाटा केवढा होता, हे त्या काळातल्या ज्येष्ठांना विचारले की कळते. लिहिणारा एक, गाणारा दुसरा, आणि श्रेयाची वाटणी कोणी तराजूत तोलत बसत नव्हते.

असे पथक का टिकते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्यात राजकीय विचार समान होता हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे, कारण समान विचार असलेल्या मंडळ्या आपल्याकडे दोन वर्षांत फुटतात. मला वाटते खरे कारण कामाच्या स्वरूपात होते. गिरणगावातल्या चाळीत किंवा संपाच्या मैदानावर कार्यक्रम करायचा म्हणजे वाद्ये वाहून न्यायची, कामगारांची पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळवून सुरुवात करायची, बंदी आली की प्रयोगाचे रूप बदलायचे आणि पोलीस आले तर सर्वांनी मिळून सामोरे जायचे. या साऱ्यात एकट्याच्या प्रतिभेला फारसा वाव नसतो. ज्याची रचना आज गायली जाणार नाही तोही आज झील धरतो, आणि उद्या त्याच्या रचनेला दुसरा झील धरतो. ही देवाणघेवाण इतकी रोजची होते की तिला कोणी उपकार म्हणत नाही.

या कथेची दुसरी बाजू मात्र उजळ नाही. अण्णा भाऊंची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत आणि एकटेपणात गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, आणि पुढच्या महिन्यात २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. ज्या महाराष्ट्रासाठी हे दोघे गायले तो स्थापन होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. चळवळ असेपर्यंत एकमेकांना सावरणारी रचना होती; चळवळ ओसरल्यावर कवीच्या घरभाड्याची, औषधाची आणि म्हातारपणाची जबाबदारी घेणारी कोणतीही रचना मागे उरली नव्हती. या गोष्टीकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्याला आंबेडकरी जलशांची, म्हणजे तमाशाच्या घाटात गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांची, मोठी परंपरा आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्यशोधक जलशाच्या वाटेने जाऊन तमाशातले शृंगाराचे भाग वगळले आणि त्या जागी शिक्षण, स्वाभिमान आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचे विषय आणले. आपली दहा भाषणे आणि जलशाचे एक गाणे यांची बरोबरी होते, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आमच्याकडे वारंवार सांगितले जाते. त्याच मातीतले वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ चा त्यांचा जन्म. अक्षरओळख झाली ती वयात आल्यावर, मुंबईत. १९४३ पासून २००४ मध्ये निधन होईपर्यंत ते लिहीत आणि गात राहिले, आणि त्यांच्या रचनांची संख्या हजारांत मोजली जाते.

वामनदादांच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की त्यांच्या नावावर छापील संग्रह मोजकेच आहेत. 'वाटचाल', 'मोहळ' आणि 'हे गीत वामनाचे' हे संग्रह १९७० च्या दशकात निघाले, पण त्यांच्या गीतांचा मोठा भाग माणसांच्या तोंडी राहिला. ज्या गावी मुक्काम, तिथल्या कार्यकर्त्याच्या घरी जेवण, तिथेच गाणे रचणे आणि जाताना ते गाणे तिथल्या गायन पार्टीकडे ठेवून पुढच्या गावी जाणे, असा त्यांचा प्रवास होता. पुढे ती पार्टी ते गाणे गात असे, दुसऱ्या पार्टीला शिकवत असे, आणि शेवटच्या कडव्यातील 'वामन' ही नाममुद्रा बहुतेक वेळा जशीच्या तशी राखत असे. ज्या व्यवसायात दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणे सोपे असते, तिथे इतक्या गायकांनी एका कवीचे नाव न पुसता वाहून नेले, याला मी मोठे सहकार्य समजते. ज्यांनी हे केले त्यांतील बहुतेकांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.

या गायन पार्ट्यांचे अर्थकारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. त्यांचा हंगाम एप्रिलचा. १४ एप्रिलच्या आगेमागे आणि पुढे मे महिन्यापर्यंत गावोगावी जयंतीचे कार्यक्रम होतात, त्यातली मिळकत पुष्कळ घरांना पावसाळ्यापर्यंत पुरवावी लागते. २०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी आली ती नेमकी या हंगामाच्या तोंडावर. घेतलेल्या सुपाऱ्या परत गेल्या, आगाऊ रक्कम घेऊन साउंड सिस्टीमवाल्याला दिलेली होती ती अडकली, आणि ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, कोरसवाले या साऱ्यांची घरे एकदम थांबली. पुढच्या वर्षीही तोच महिना हातचा गेला. त्या काळात आमच्या परिचयातल्या कवी-गायकांनी जे केले त्यात गाजावाजा नव्हता. ज्यांना पगाराची नोकरी होती त्यांनी किराणा भरून दिला. एका निवृत्त शिक्षक कवींनी तीन घरांचे वीजबिल परस्पर भरले आणि ते कोणी भरले हे त्या घरांना बरेच उशिरा कळले. या मदतीत एक अट न बोलता पाळली गेली, की कोणाचा फोटो काढायचा नाही. रोज रात्री मंचावर ताठ उभ्या राहणाऱ्या माणसाला मदत घेताना किती संकोच होतो, हे दुसऱ्या मंचावरच्या माणसालाच नीट समजते, असे मला तेव्हा वाटले.

सुशिक्षित मध्यमवर्गीय कवींच्या मंडळ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे ही मंडळी एकत्र बसून चहा घेत, एकमेकांच्या कविता ऐकत, आणि त्यांतील काहींनी जाहीर काव्यगायनाची प्रथा महाराष्ट्रभर नेली. आचार्य अत्र्यांनी १९२५ च्या 'झेंडूची फुले'मध्ये त्यांची यथेच्छ टर उडवली. पण विडंबन खपायला मूळ कविता लोकांना पाठ असावी लागते, आणि ती पाठ होती ती या गायनामुळे, हेही मान्य करावे लागेल. पुढे मुंबईत विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर, गंगाधर गाडगीळ, सदानंद रेगे आणि श्री. पु. भागवत असे मित्र 'मुर्गी क्लब' या खट्याळ नावाखाली दरमहा जेवायला जमत. त्यातल्या पहिल्या तिघांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत एकत्र काव्यवाचनाचे जे कार्यक्रम केले, ते ऐकलेली माणसे आजही त्याबद्दल बोलताना खुर्चीत पुढे सरकतात.

त्या तिघांच्या सादरीकरणात परस्परांना सावरण्याची एक युक्ती दडलेली होती, असे मला वाटते. बापटांना राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे वळण होते, त्यांचा ठेका आणि खणखणीत उच्चार श्रोत्यांना लगेच जवळ ओढत असे. पाडगावकरांची कविता गाण्याकडे झुकलेली आणि मिश्कील. विंदांची कविता वैचारिक, प्रसंगी खडबडीत, आणि एकट्याने तासभर ऐकवली तर सामान्य श्रोत्याला जड जाईल अशीही. तिघे एकामागून एक येत असल्यामुळे जड कवितेला हलक्या कवितेचा शेजार मिळे आणि हलक्या कवितेला जड कवितेमुळे वजन येई. एकट्या कवीने आपल्याच कवितांत असा समतोल साधायचा म्हणजे लोकांना आवडेल तेवढेच निवडण्याचा मोह होतो. शेजारी भिन्न प्रकृतीचा सोबती असेल तर आपण आपली अवघड कविताही निर्धास्तपणे म्हणू शकतो. लघुनियतकालिकांच्या काळातल्या तरुण कवींना अशा लोकप्रिय वाचनांबद्दल फारसे प्रेम नव्हते, आणि टाळ्यांच्या अपेक्षेने कविता बिघडते हा त्यांचा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तरीही त्रयीतल्या विंदांनी टाळ्यांसाठी आपली कविता पातळ केली असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि त्याचे काही श्रेय मी शेजारच्या दोन खुर्च्यांना देते.

आता वेळेबद्दल. मंचावरच्या कवींमधले बहुतेक तंटे मतभेदांतून होत नाहीत, ते मिनिटांवरून होतात. एका कविसंमेलनात पंचवीस कवी, प्रत्येकाला एक कविता, असे ठरलेले असते. पहिला कवी प्रास्ताविक म्हणून कवितेची जन्मकथा सांगतो, मग कविता म्हणतो, मग 'फक्त चार ओळी' म्हणून दुसरी सुरू करतो. सातव्या कवीपर्यंत तास उलटतो. ज्यांचे नाव मोठे ते 'पुढचा कार्यक्रम आहे' असे सांगून मध्येच आपली कविता म्हणून घेतात आणि निघून जातात, त्यांच्याबरोबर अर्धा हॉल उठतो, आणि शेवटच्या पाच जणांच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या, घड्याळ दाखवणारा निवेदक आणि सतरंजी गुंडाळणारी मुले येतात. त्या पाच जणांत बहुधा नवखे असतात. मी स्वतः त्या शेवटच्या पाचांत अनेकदा बसलेली आहे, आणि आपल्या आधीच्या माणसाने आपला वेळ खाल्ला ही चीड कवितेच्या पहिल्या ओळीत उतरते, ती लपवता येत नाही.

उर्दू मुशायऱ्याच्या जुन्या रिवाजात याला छान उत्तर आहे. तिथे नवख्यांपासून सुरुवात होते, ज्येष्ठ पुढे पुढे येतात, आणि अध्यक्ष सर्वांत शेवटी वाचतो. याचा अर्थ असा, की सर्वांत मोठ्या शायराला सर्वांत लहान शायराचे ऐकूनच आपल्या पाळीपर्यंत पोहोचावे लागते. तिथली दुसरी रीत मला त्याहून आवडते: शायराने शेराचा पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, म्हटला की मंचावर बसलेले इतर शायर तो मोठ्याने उचलतात, म्हणजे दुसरा मिसरा येण्यापूर्वी सभागृहाच्या कानांत पहिला पक्का बसतो. ही झीलच आहे. मराठी गझलेचे मुशायरे जिथे मनापासून होतात तिथे ही रीत आलेली दिसते, आणि तिथे नवख्याचा कापरा आवाज दुसऱ्या शेरापर्यंत स्थिर झालेला मी पाहिला आहे.

दूर शिकागोमध्ये मार्क स्मिथ नावाच्या एका बांधकाम कामगाराने याच प्रश्नाला अगदी वेगळ्या मार्गाने उत्तर दिले. १९८४ पासून तो एका छोट्या बारमध्ये कवितेचे कार्यक्रम करत होता, आणि जुलै १९८६ मध्ये 'ग्रीन मिल' या जुन्या जॅझ क्लबमध्ये त्याने 'पोएट्री स्लॅम' सुरू केली. नियम कडक होते आणि पुढे आणखी बांधीव झाले: प्रत्येकाला तीन मिनिटे, वर दहा सेकंदांची सवलत, त्यानंतर गुण कापले जाणार. वाद्य नाही, वेशभूषा नाही. परीक्षक श्रोत्यांतूनच निवडलेले पाच जण, दहापैकी गुण देणारे, आणि त्यांतील सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुण सोडून द्यायचा. १९९० मध्ये सान फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि आता मुंबई-पुण्यातली मराठी मुलेही याच नियमांच्या कार्यक्रमांत आपल्या कविता घेऊन उभी राहतात.

गुण देण्याची कल्पना मला प्रथम असभ्य वाटली होती, आणि अजूनही थोडी वाटते. पण त्या पद्धतीत एक प्रथा अशी आहे की जिच्यामुळे माझे मत बरेच नरमले. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी एक कवी स्पर्धेबाहेर राहून कविता म्हणतो, केवळ यासाठी, की परीक्षकांचा हात बसावा आणि गुणांचा अंदाज यावा. त्याला इंग्रजीत 'बळीचा कवी' अशा अर्थाचे नाव आहे. पहिल्या कवीला नेहमी कमी गुण मिळतात आणि जसजशी रात्र चढते तसतसे गुणही चढत जातात, हे अनुभवाने सर्वांना माहीत झाल्यामुळे ही सोय निघाली. कोणीतरी आपली चांगली कविता, काहीही मिळणार नाही हे माहीत असताना, इतरांवर अन्याय होऊ नये म्हणून सर्वांत थंड सभागृहापुढे म्हणायची असते. आमच्या कविसंमेलनांत पहिली कविता म्हणायला कोणी तयार नसतो. सर्वांना मधली जागा हवी असते. ही प्रथा कळल्यापासून आमच्या मंडळीत ज्येष्ठांपैकी एकाने पहिली कविता म्हणायची आणि त्यानेच शेवटपर्यंत बसायचे, असे आम्ही ठरवले आहे. सगळे ज्येष्ठ यावर खूश नाहीत. एकांनी मला स्पष्ट सांगितले, की चाळीस वर्षे लिहून आता उद्घाटनाच्या नारळासारखे पुढे ठेवले जाणे त्यांना मानवत नाही. त्यांचा राग मी समजू शकते. नियम मात्र आम्ही बदललेला नाही.

ही आमची मंडळी म्हणजे नोंदणीकृत संस्था नाही. एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, महिन्यातून दोन शनिवारी, जे येतील ते बसतात. तिथे कविता बसून वाचलेली चालत नाही. उभे राहून, कागद शक्यतो बाजूला ठेवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी म्हणायची. एक जण घड्याळ लावतो. दुसरा एक जण डोळे मिटून ऐकतो आणि कुठे शब्द ऐकू आला नाही तेवढेच सांगतो, कवितेच्या दर्जाबद्दल त्याने बोलायचे नाही. या साध्या कामातून जितकी सुधारणा होते तितकी 'अप्रतिम', 'निःशब्द' या प्रतिक्रियांतून कधी झालेली मी पाहिली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ज्याची पाळी नाही त्याने पहिल्या रांगेत बसायचे आणि ज्याची पाळी आहे त्याची कविता आपल्याकडे ठेवायची. ओळ अडली तर ती खालून हळूच पुरवायची. यासाठी दुसऱ्याची कविता जवळजवळ पाठ असावी लागते, आणि दुसऱ्याची कविता पाठ होईपर्यंत ऐकणे ही मला माहीत असलेली सर्वांत प्रामाणिक दाद आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आधाराचे स्वरूप आणखी व्यवहारी असते. संजीवनी मराठे यांच्यासारख्या कवयित्रींनी स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात जाहीर मंचावरून काव्यगायन केले, तेव्हा रात्रीच्या प्रवासाची आणि मुक्कामाची व्यवस्था कोणी पाहिली असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. आजही तालुक्याच्या गावी रात्री साडेनऊनंतर परतीची एसटी नसते. कवयित्रीचे नाव यादीत विसाव्या क्रमांकावर असेल तर तिने कविता म्हणावी की बस गाठावी, एवढाच पर्याय उरतो. पुष्कळ जणी निमंत्रणच नाकारतात आणि मग आयोजक म्हणतात, की बायकांचा प्रतिसाद मिळत नाही. आम्ही यावर काढलेला उपाय साधा आहे: निमंत्रण स्वीकारतानाच परतीचे वाहन आणि पाळीची वेळ विचारायची, एकीने विचारायचे आणि सर्वांसाठी विचारायचे. एकटीने विचारले की ती 'फार अटी घालणारी' ठरते. पाच जणींच्या वतीने विचारले की आयोजक गाडी करतात. मानधनाचेही तसेच. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांवर मंडपवाल्याला किंवा केटररला कोणी परत पाठवत नाही. कवीला पाठवतात, कारण पाकिटाबद्दल बोलणे त्याला जमत नाही. दुसऱ्या कवीच्या पाकिटाबद्दल बोलणे मात्र आश्चर्यकारकरीत्या सहज जमते, म्हणून आम्ही तेच करू लागलो आहोत.

एवढे वाचून कोणाला वाटेल, की कवींनी एकमेकांना सांभाळून घेतले म्हणजे सर्व ठीक झाले. तसे मुळीच नाही. एकमेकांना फार सांभाळणाऱ्या गटात कविता हळूहळू एकसारखी होत जाते, कोणीही कोणाला खोट दाखवत नाही, आणि बाहेरचा माणूस आला की त्याच्याकडे पाहुण्यासारखे पाहिले जाते. या बाबतीत मला सुरेश भटांचे उदाहरण नेहमी आठवते. नव्या गझलकारांनी तंत्र नीट शिकावे म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि ती शिकू इच्छिणाऱ्यांपर्यंत पोहोचवली. त्यांना पत्र लिहिणाऱ्या नवख्यांच्या गझला ते तपासत, आणि तपासताना मनधरणी करत नसत. रदीफ (शेवटी पुन्हा येणारे शब्द), काफिया (त्याआधीचे यमक), वृत्त यांत चूक असेल तर ती चूकच. त्यांच्या रागाच्या गोष्टी विदर्भात चवीने सांगितल्या जातात. पण आज मराठीत गझल लिहिणारी जी मोठी मंडळी तालुक्या-तालुक्यांत आहे, तिच्यापैकी कितीतरी जणांचा पाया त्या छोट्या बाराखडीवर उभा आहे. कोणी आपला वेळ खर्च करून आपली चूक आपल्याला दाखवावी, हेही झील धरण्याइतकेच कष्टाचे काम आहे, आणि ते करणाऱ्याला टाळ्याही मिळत नाहीत.

आता अण्णा भाऊंच्या अखेरच्या वर्षांकडे येते. महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, उत्पन्न मर्यादित असलेल्या कलावंताला ती लागू होते. अर्जासोबत आपण प्रदीर्घ काळ कला सादर केली याचे पुरावे जोडावे लागतात. छापील पुस्तके असलेल्या लेखकाला हे सोपे आहे. शाहीर, जलसाकार, गायन पार्टीतला कवी यांच्याकडे काय असते? गावच्या जत्रेच्या पत्रिकेत कोपऱ्यात छापलेले नाव, एखादे पिवळे पडलेले वृत्तपत्राचे कात्रण, आणि सरपंचाने दिलेले प्रशस्तिपत्र, तेही पावसात भिजलेले. पुष्कळांकडे तेही नसते, कारण कार्यक्रम संपल्यावर पत्रिका जपून ठेवावी हे कोणाला सुचतच नाही. चाळीस वर्षे ज्याला गावे ओळखतात त्याला कार्यालयात आपण कोण हे सिद्ध करता येत नाही.

गेल्या वर्षीपासून आम्ही या कामाला हात घातला आहे. सिन्नर आणि निफाड बाजूच्या काही वृद्ध शाहिरांच्या घरी जाऊन त्यांच्या ट्रंका उघडायच्या, सापडतील त्या पत्रिका आणि कात्रणे तारखांनुसार लावायची, आणि जिथे कागद नाही तिथे त्या काळी त्यांच्यासोबत गायलेल्या सोबत्यांना शोधून त्यांच्याकडून लेखी निवेदन घ्यायचे. ढोलकीवाला सापडला तर तो तारीख विसरलेला असतो, पण त्या वर्षी पाऊस किती झाला आणि मुक्कामाला कोणाच्या घरी जेवण होते हे त्याला पक्के आठवते, आणि त्यावरून वर्ष काढता येते. काही अर्ज दाखल झाले आहेत, काही त्रुटी दाखवून परत आले आहेत, आणि एका अर्जात शाहिराचे नाव आधार कार्डावर एक आणि पत्रिकांवर दुसरे असल्यामुळे प्रतिज्ञापत्र करावे लागणार आहे. मंचावर त्यांना सगळे ज्या नावाने ओळखतात ते त्यांच्या वस्तादाने ठेवलेले नाव आहे, आणि ते सोडायला ते तयार नाहीत. वकिलाकडची तारीख सोमवारची मिळाली आहे. सोबत त्यांचे दोन जुने झीलकरी साक्षीला येणार आहेत.